‘का’ विचारायचं नाही

जानेवारीत विनिपेगला गाडीलाही रात्रभर
विजेची वायर जोडून ठेवावी लागते,
नाहीतर सकाळी ती तोंड उघडत नाही.
माझ्या विद्यार्थ्यांचंही तसंच.
शनिवारी आठला, लॉ स्कूलच्या तळघरातल्या नकली कोर्टात,
बुटांवरचा बर्फ आपटत ते येतात
आणि पहिली दहा मिनिटं मी त्यांना नुसतं उभं राहायला शिकवते.
हात खिशात नकोत. पेन फिरवू नका.
अडलात तर गप्प राहा, ‘म्हणजे’ म्हणू नका.

बारा वर्षं हा वर्ग चालवते आहे,
बारा वर्षं तोच खटला:
डिसेंबरची संध्याकाळ, निळा पिकअप ट्रक,
रस्त्यावर पडलेला एक माणूस,
न थांबलेला ट्रक,
आणि बसस्टॉपवरून धावत गेलेली एकुलती एक साक्षीदार.

साक्षीदार म्हणजे डोरीन हावरिलुक.
शाळेची बस चालवायची, आता निवृत्त.
चाळीस डॉलर, पार्किंगची चिठ्ठी, उरलेले डोनट,
एवढ्यावर दरवर्षी खोटी ठरायला येते.
अंधार होता ना? होता.
चष्म्यावर वाफ धरली होती ना? होती.
मग ट्रक निळाच होता हे तुम्ही सांगू शकत नाही, बरोबर ना?
दोनशेवर पोरांनी तिला असं सोललंय,
कांद्यासारखं,
आणि दरवेळी डोळे मात्र त्यांचेच चुरचुरलेत.

फळ्याच्या कोपऱ्यात माझा नियम आहे, सफाईवालाही तो पुसत नाही:
प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ चालेल, आत ‘का’ नको.
‘ना’ म्हणजे दावं,
साक्षीदार तेवढ्याच गोलात चरतो.
‘का’ म्हणजे तुम्ही दार उघडलंत,
आणि बाहेर कोण उभं आहे
ते तुम्हाला ठाऊक नाही.

मारिसेल दिमाकुलांगन केअर होममधली रात्रपाळी करून आली होती.
अंधार, वाफ, अंतर, सगळं नीट विचारलं तिने.
खाली बसायला वळली,
आणि वळता वळता, स्वतःशीच बोलल्यासारखी:
‘उणे एकतीस होतं. सगळे घराकडे पळत होते.
तुम्ही का थांबलात?’

डोरीनने फाईल पाहिली. पान चारवर ते नव्हतं.
पान पाचवरही नाही.
‘माझा भाऊ,’ ती म्हणाली. ‘लेस्टर. एकोणऐंशी साली,
फ्लिन फ्लॉनच्या रस्त्यावर.
तीन गाड्या गेल्या. तिसरीने वेग कमी केला,
पाहिलं,
आणि परत वाढवला.’

कोल्बी हरकत घ्यायला उठला, अर्धाच उठला,
तसाच राहिला.
न्यायाधीशाच्या खुर्चीतले म्हातारे गुडमुंडसन,
खरीखुरी सव्वीस वर्षं ज्यांनी माणसं ऐकली,
ते टोपण लावलेल्या पेनाने काहीतरी लिहीत होते.
मी मारिसेलला दहापैकी साडेपाच दिले.
खोडले.
पुन्हा साडेपाचच दिले. नियम तो नियम.

पार्किंगमध्ये डोरीन तिची वायर गुंडाळत होती, कोपराला वेढे घालत.
म्हटलं, लेस्टरचं मला कधी माहीतच नव्हतं.
‘मला भाऊ नाही,’ ती म्हणाली. ‘चार बहिणी.
बारा वर्षं तीच ती चष्म्यावरची वाफ! कंटाळा नाही येत?’
मग काच खरवडता खरवडता, माझ्याकडे न बघता:
‘खरं वाटलं ना?’

मी हो म्हणाले.
त्या प्रश्नात तेवढंच मावत होतं.
तिच्या पापण्यांवर बर्फ होता,
त्या थंडीत तो सगळ्यांच्याच असतो,
पुरावा म्हणून कोणी दाखल करून घेणार नाही.

तिची गाडी निघाली. रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर.
रेल्वेच्या फाटकापाशी ती पूर्ण थांबली,
फाटक उघडं, सिग्नल हिरवा, गाडी कुठलीच नाही.
शाळेच्या बसची सवय, मी स्वतःला सांगितलं,
आणि ती हलेपर्यंत
तिथेच उभी राहिले, हातमोजे न घालता.